वासराचा वाटा

दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. "पनीर चालतं का?" विचारणारी दर वर्षी वेगळी असते, उत्तरं मात्र ठरलेली. एक म्हणते, दूधच तर आहे, का नाही चालणार? दुसरी म्हणते, बाजारचं नको, घरचं असेल तर चालेल. तिसरी म्हणते, व्हिनेगर घातलेलं अजिबात नको, लिंबाचं असेल तर ठीक. मग कुणीतरी मटार-पनीरचं नाव काढतं, द्विदलाचा वाद सुरू होतो, आणि तेवढ्यात घरी जायची वेळ होते.

बरीच वर्षं या चर्चेत माझा शब्द शेवटचा असायचा. पांढुर्ण्यात आमच्या मंडळात घरी पनीर करायला पहिल्यांदा मी लागले. बाकीच्या माझ्याकडून शिकल्या. त्यामुळे "घरचं शुद्ध पनीर" म्हटलं की सगळ्या माझ्याकडे बघायच्या, आणि मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आता मात्र "चालतं का" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तो का अपुरा वाटतो, हे सांगायला हा लेख.

आधी पनीरचं सांगते, कारण शिकायचं राहिलेल्या काही जणी असतीलच. दोन लिटर म्हशीचं दूध गाळून उकळायचं. उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. एका मोठ्या लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा आणि पळी हलक्या हाताने फिरवायची. पाणी हिरवट आणि निवळ दिसलं की लिंबू घालणं थांबवायचं. घाईने जास्त आंबट ओतलं की पनीर रबरासारखं होतं. मग ओल्या पातळ फडक्यात ओतायचं, वरून गार पाणी घालून आंबटपणा धुवायचा, पुरचुंडी बांधून वर वजन ठेवायचं. वीस मिनिटांत मऊ, लोण्यासारखं पनीर तयार होतं. वड्या पाडायच्या असतील तर आणखी थोडा वेळ. दोन लिटरचं चारशे ग्रॅमच्या आसपास होतं, गायीचं दूध असेल तर कमी. खाली उरलेलं पाणी फेकायचं नाही, पोळ्यांची कणीक त्यात भिजवायची. ताजं पनीर चुरून, मीठ आणि हिरवी मिरची घालून गरम पोळीबरोबर खाल्लंत तर भाजी लागत नाही.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. दूध तापलं आणि त्यात आंबट पडलं की ते पाण्यापासून वेगळं होऊन एकत्र येतं, आणि तूपही बरोबर बांधून घेतं. एवढंच त्यामागचं शास्त्र. पण माझ्या सासूबाईंना ते पटलं नव्हतं. मी पहिल्यांदा लिंबू पिळलं तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "चांगलं दूध नासवतेस?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या काळी दूध नासणं म्हणजे अपशकुन. उन्हाळ्यात कधी नासलंच तर त्या नासकवणीत गूळ घालून आटवायच्या आणि पोरांना द्यायच्या, पण चेहरा पडलेला असायचा. हिंदीच्या शेजारामुळे आमच्याकडे "दूध फाटलं" असंही म्हणतात. नासणं काय, फाटणं काय, दोन्ही शब्दांत काहीतरी बिघडल्याची खंत आहे. मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचं हसू आलं होतं.

घरी पनीर करायचं कारण तसं सरळ होतं. आपल्याकडे दुधाला मर्यादा आहे. काढलेलं दूध गाळून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, म्हणजे दोन घटकांत, तापवायला हवं. बाजारच्या पनीरचं दूध कधी काढलं, कधी तापवलं, किती दिवसांपूर्वीचं आहे, सांगणार कोण? ते खरंच दुधाचं आहे का, हाही प्रश्नच. सरकारी नियमाप्रमाणे पनीरच्या सुक्या भागात निम्मं तरी दुधाचं स्निग्ध असायला हवं. वनस्पती तेलावर केलेला पांढरा ठोकळा पनीर म्हणून विकायला परवानगी नाही, त्यावर ॲनालॉग असं लिहावं लागतं. पण सुट्या विकल्या जाणाऱ्या ठोकळ्यावर कोण काय लिहितं!

परदेशी चीजबद्दल तर विचारायलाच नको होतं. दूध न पचलेल्या अवस्थेत पुढे निघून जाऊ नये म्हणून दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरात ते घट्ट करणारा एक पाचक रस असतो. शेकडो वर्षं युरोपात चीज बांधायला तो रस कापलेल्या वासराच्या जठरातून काढत आले. त्यालाच रेनेट म्हणतात. 1990 पासून तोच पाचक पदार्थ सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेता येऊ लागला. हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये वासराचं रेनेट नसतं. मंडळात मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, "आपल्या पनीरमध्ये मात्र वासराचा काही संबंध नाही, फक्त लिंबू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

ते वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

एका चातुर्मासात गावात माताजी होत्या. आहाराचा चौका आमच्याकडे लागणार होता. चौक्याचं दूध दारावर आलेलं चालत नाही. आपलं भांडं, आपलं गाळणं घेऊन गोठ्यावर जायचं, डोळ्यांदेखत काढून घ्यायचं आणि वेळेच्या आत घरी येऊन चुलीवर चढवायचं. बावीस वर्षं जिच्याकडून दूध घेत होते, त्या गवळणीच्या गोठ्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला.

म्हैस नुकतीच महिन्यापूर्वी व्यालेली. तिच्यापासून चार हातांवर एक रेडकू आखूड दाव्याने बांधलेलं होतं. बरगड्या मोजता याव्यात असं. गवळणीने ते सोडलं, त्याने आचळाला तोंड लावलं, दोन-चार ओढण्या झाल्या आणि म्हशीने पान्हा सोडला. लगेच तिने त्याला ओढून परत खुंट्याला बांधलं आणि बादली घेऊन बसली. ते रेडकू दाव्याला ताण देऊन बघत होतं. ओरडत नव्हतं. त्याची सवय झाली होती बहुतेक.

मी म्हटलं, "अगं, त्याला अजून थोडं पिऊ दे की."

ती धार काढता काढता म्हणाली, "हल्या हाय तो, काकू. वगार असती त पाजली असती. याले पाजून करू काय?" मी गप्प राहिले तसं तिने मान वळवून पाहिलं. "दूध तुमच्या घरी जाते, आन पाप माह्या घरी ठेवता का?"

ती चिडून बोलली नाही. पेंढीचा भाव सांगावा तसं सहज बोलली. मी दूध गाळून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि झपाझप घरी आले. दूध मर्यादेत तापलं. आहार निर्विघ्न झाला. माझं मन मात्र त्या दाव्याला अडकून राहिलं.

त्या गवळणीचं म्हणणं मी पुष्कळ दिवस घोळवलं. आपला हा मुलूख गवळाऊ गायींचा. वर्धा, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा त्या जातीचा पट्टा. गवळाऊ गाय दूध बेताचंच देते, पण तिचे बैल चालीला हलके आणि वेगाचे, म्हणून ही जात सांभाळली गेली. त्या काळी गोऱ्हा झाला की घरात आनंद व्हायचा. त्याला भरपूर पाजायचे, कारण तो उद्याचा नांगर होता, उद्याची बैलगाडी होती. वासरू आधी आणि त्याच्यातून उरलं ते दूध आपलं, असा हिशेब होता. हे सगळं दयेपोटी होतं असं मी म्हणत नाही, गरज होती. पण त्या गरजेने वासराचं पोट भरत होतं. आता शेतात ट्रॅक्टर आला. दूध हेच पीक झालं आणि वासरू त्यातून निघणारा कचरा. पोळ्याला आपण उरलेसुरले बैल सजवतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे नंदी मिरवतात, आणि खऱ्या गोऱ्ह्याला गोठ्यात जागा नाही. म्हशीच्या रेडकाचं तर त्याहून वाईट. मध्य प्रदेशच्या 2004 च्या गोवंश कायद्यात गाय, वासरू, बैल येतात, म्हैस येत नाही. आणि माझं पनीर मऊ होतं ते म्हशीच्या दुधाचं.

पोळा होतो, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, आणि चार-पाच दिवसांत आपलं दशलक्षण सुरू होतं. त्या दहा दिवसांत मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा. लग्न होऊन आल्यापासून हा अध्याय मी ऐकते आहे. त्यात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : जिवाला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, पेलवणार नाही इतकं ओझं लादणं, आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणं-पिणं रोखणं. इतकी वर्षं हे पाचही शब्द मला गाडीवान, खाटीक अशा दुसऱ्या कुणासाठी लिहिलेले वाटायचे. त्या वर्षी पहिला आणि पाचवा शब्द कानावर पडले आणि डोळ्यांसमोर ते रेडकू उभं राहिलं. दाव्याने बांधलेलं आणि अन्न रोखलेलं. दूध माझ्या पातेल्यात.

लहानपणापासून ऐकलेली एक कथाही तेव्हा आठवली. भगवान आदिनाथ राजा असताना खळ्यावरचे बैल धान्य खातात म्हणून लोक तक्रार घेऊन आले. राजाने सुचवलं, मुसकी बांधा. बांधली, पण वेळेवर सोडायची राहिली आणि मुकी जनावरं उपाशी राहिली. त्या अंतरायाचं फळ म्हणून दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ भगवंतांना आहार मिळाला नाही. शेवटी हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला, तीच अक्षय तृतीया. या कथेतल्या राजाने बैलांना मारलं नव्हतं. फक्त तोंड बांधण्याचा सल्ला दिला होता, तोही दुसऱ्यांच्या सोयीसाठी. आणि त्या तीर्थंकरांचं लांछन बैल आहे. आम्ही बायका वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस मोठ्या भक्तीने देतो, पण मुसकं कुणाचं होतं याचा विचार किती जणी करतो?

पुण्याला असलेल्या माझ्या मुलीला हे सांगितलं. तिने तीन वर्षांपासून दूध सोडलं आहे. ती म्हणाली, "मग सोड ना आई, सोपं आहे." परदेशातल्या जैनांमध्ये हा विचार आता नवा नाही, हे तिच्याचकडून कळलं. अमेरिकेतल्या जैन समाजात धर्मशिक्षणाचं काम करणारे प्रवीण शहा यांनी 1995 साली व्हरमाँट राज्यातली एक डेअरी पाहिली, आणि त्यानंतर दुधाविषयीचा त्यांचा विचार बदलला. तेही एका गोठ्यात जाऊन आले होते, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

मी मुलीला माझी उत्तरं दिली. शास्त्रात श्रावकाला दूध निषिद्ध नाही, दूध आणि मांस एका तागडीत घालता येत नाही. मी सोडलं तरी गवळीण दुसरीकडे घालेल, रेडकाला थेंब जास्त मिळणार नाही. आणि तिचं घर त्या दोन म्हशींवर चालतं, त्याचं काय? ही उत्तरं खोटी नाहीत, आजही मला ती पटतात. पण ती देताना माझा आवाज चढला होता. बाजू बळकट असती तर आवाज चढवावा लागला नसता. खरं सांगायचं तर मला दूध आवडतं, दही आवडतं, आणि मऊ पनीर माझ्या हातचं आहे म्हणून फारच आवडतं. त्या तीन उत्तरांच्या मागे हे चौथं दडून बसलं होतं.

मग मी आपल्या जुन्या नियमांकडे पुन्हा पाहिलं. व्यालेल्या गायीचं दूध दहा दिवस घ्यायचं नाही, म्हशीचं पंधरा दिवस, शेळीचं आठ. म्हणून आपल्या घरात चिकाचा खरवस होत नाही. लहानपणी शेजारच्या घरी खरवस वाटला जायचा आणि आम्ही तोंड पाडून बसायचो. आई म्हणायची, ते दूध अशुद्ध असतं. पशुवैद्यकाला विचारा, तो सांगेल की तोच चीक वासराला रोगांपासून वाचवतो. पहिल्या काही तासांत पोटभर मिळाला नाही तर वासरू जगणं कठीण. नियमाने नाव दिलं अशुद्धीचं, राखलं मात्र वासराचं पोट. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा सोडणं हे तप आहे, आणि सहांतले तीन दुधाचेच आहेत. आपल्या पूर्वजांनी दूध निषिद्ध ठरवलं नाही हे खरं. पण ते ओंजळीने प्यायची वस्तू आहे असंही कुठे म्हटलं नाही. जिथे तिथे हात आखडायला सांगितलं.

आणि अठ्ठेचाळीस मिनिटं? तो नियम सूक्ष्म जीवांसाठी आहे, हे मी मुलांना शिकवत आले. ते आहेच. पण त्या नियमापायीच मला गोठ्यावर जावं लागलं. पिशवीतलं दूध आणि दुकानातलं पनीर घेत राहिले असते तर ते रेडकू मला जन्मात दिसलं नसतं. माझं चुकलं ते इतकंच की वेळ मोजताना मी घड्याळाकडे बघितलं, दाव्याकडे बघितलं नाही. माझं भांडं, माझं गाळणं, माझी चूल, सगळं शुद्ध. शुद्धीच्या त्या हिशेबात मी एकटीच होते.

पुतणीच्या साखरपुड्याला दीडशे पानं होती. आचारी म्हणाला, "दहा किलो पनीर लागेल." पूर्वी मी फक्त भाव विचारला असता. या वेळी मनात गणित मांडलं. दहा किलोला पन्नास लिटर दूध. लहान रेडकाला रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध लागतं, म्हणजे तीन लिटर धरा. एका संध्याकाळच्या एका भाजीसाठी सोळा रेडकांची दिवसभराची भूक. ती भाजी आम्ही काढून टाकली आणि गट्ट्याची केली. पाहुण्यांपैकी कुणी विचारलंसुद्धा नाही. जाऊबाई मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. "मुलाकडच्यांना काय वाटलं असेल," असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही बरोबर असेल.

घरी मी पनीर सोडलेलं नाही. महिन्यातून चार वेळा व्हायचं, आता सणावाराला होतं. गवळणीशी मी ठरवलं की एक सड पिलाला सोडायचा, मग ते हल्या असो की वगार, आणि त्या दुधाचे पैसे मी द्यायचे. ती आधी हसली. न मिळणाऱ्या दुधाचे पैसे देणारं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "द्या. पण रोज पाहाले याल का?" तिने बरोबर ओळखलं होतं. पैसे पाठवून मोकळं होण्याची आपली सवय तिला माझ्याहून चांगली ठाऊक होती.

आता या सगळ्याने माझ्यावरचा दोष फिटला का? नाही. ते पहिलं रेडकू जगलं, पोळ्यापर्यंत अंगाने भरलंही. एक दिवस गेले तर खुंटा रिकामा होता. "बाजारात दिला," गवळीण म्हणाली. कुणाला दिला ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण उत्तर काय येईल ते माहीत होतं, म्हणून मिटलं. चौका मी पाळला, वेळ पाळली, एक सडही सोडवला. तो एक प्रश्न विचारायचं धैर्य मात्र झालं नाही. मुलगी म्हणते तेच शेवटी खरं असेल कदाचित. अजून मी तिथपर्यंत पोचलेले नाही, आणि पोचले आहे असं या पानावर दाखवणंही बरं नाही.

मंडळात या वर्षी पुन्हा प्रश्न निघाला, पनीर चालतं का? सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालतं की नाही ते माताजींना विचारा. मी एवढंच विचारते, तुमचं दूध कुठल्या गोठ्यातलं आहे, आणि तुमच्यातली कोण तिथे जाऊन आली आहे? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "सकाळी किती वाजता जाता तुम्ही? मी येऊ का एकदा?"

म्हैस पुन्हा व्याली आहे. या खेपेला वगार झाली, गवळीण खूश आहे. सकाळी आम्ही दोघी गोठ्यावर जातो. पूर्वी दूध पटकन मिळावं म्हणून मी घाई करायची. आता पंधरा मिनिटं उशिराच निघते. पोचते तेव्हा तिचं पिऊन झालेलं असतं आणि तोंडाला फेस असतो. मग मी भांडं पुढे करते.